एक विषय, अनेक डोळे

आज ज्या छंदाविषयीं मी बोलणार आहें, त्याचें साधन आपणांपैकीं बहुतेकांच्या खिशांत आहे. मोबाईलमध्यें कॅमेरा आल्यापासून छायाचित्र काढणें ही थोड्यांची हौस किंवा स्टुडिओवाल्याचा धंदा राहिलेला नाहीं. कुंडींतल्या जास्वंदीला फूल आलें, काढला फोटो. घाटांत धुकें उतरलें, काढला फोटो. माझ्या तरुणपणीं छत्तीस चित्रांचा एक रोल सबंध सणावारांना पुरवावा लागे, आणि शेवटचीं दोन चित्रें कोणासाठीं राखावयाचीं यावर घरांत खल होई. आतां महाबळेश्वराहून परतणारें कुटुंब चारशें चित्रें घेऊन येतें. परंतु त्यांतलीं किती चित्रें पुन्हां उघडून पाहिलीं जातात, हा प्रश्न ज्यानें त्यानें स्वतःस विचारावा. चित्रें वाढलीं, पाहणें मात्र कमी झालें, असेंच उत्तर बहुधा मिळेल.

या स्थितीवर एक सोपा व बिनखर्चाचा उपाय अनेक देशांतील लोकांनीं शोधून काढला आहे. त्याला 'फोटो चॅलेंज' असें नांव पडलें आहे. कांहीं माणसें एकत्र येतात. तीं शेजारीं असतील, नात्यांतलीं असतील, किंवा एकमेकांस कधींहि न भेटलेलीं परदेशचीं असतील. त्यांच्यापैकीं एकजण आठवड्याचा अथवा महिन्याचा विषय जाहीर करतो: 'सावली', 'दार', 'पिवळा रंग', 'वाट', 'पावसाचें पाणी'. ठरल्या मुदतींत प्रत्येकानें त्या विषयावर स्वतः काढलेलें एक छायाचित्र, दोन ओळींच्या माहितीसह, इतरांकडे पाठवावयाचें आणि इतरांचीं चित्रें लक्षपूर्वक पाहावयाचीं. खेळ एवढाच आहे. पण त्यानें काय साधतें, हें समजून घेण्याजोगें आहे.

'चॅलेंज' म्हणजे आव्हान. परंतु आव्हान म्हटलें कीं हार-जीत मनांत येते. मला त्याहून आपला जुना शब्द जवळचा वाटतो, तो म्हणजे समस्यापूर्ति. राजसभेंत श्लोकाचा एक चरण द्यावयाचा आणि कवींनीं उरलेले चरण रचून तो पुरा करावयाचा, ही चाल आपल्याकडे फार जुनी. भोजप्रबंधांत अशा कथा पुष्कळ आहेत. चरण एकच, पण जितके कवि तितक्या पूर्ति. सभेला खरी गोडी वाटे ती या वेगळेपणाची. आजच्या या खेळांत श्लोकाच्या जागीं छायाचित्र आलें, इतकाच फरक.

विषयाचें बंधन घालून घेतल्यानें मनुष्य मोकळा कसा होतो, याचा अनुभव शाळामास्तरांना नेहमींचा आहे. मुलांना 'कोणत्याहि विषयावर निबंध लिहा' असें सांगितलें, तर अर्धा वर्ग पेन्सिलीचें टोंक चावीत बसतो. त्याच मुलांना 'पावसाळ्यांतील आमचें अंगण' असा विषय दिला, कीं एकाला छपराखालीं अडकलेली चिमणी आठवते, तर दुसऱ्याला वाळत न आलेल्या कपड्यांवरून झालेली आईची चिडचिड. डोळ्याचेंहि तसेंच आहे. 'कांहींतरी सुंदर पाहा' म्हटलें तर तो भटकतो आणि शेवटीं सूर्यास्ताशीं येऊन थांबतो. 'आज फक्त पिवळें पाहा' म्हटलें, कीं बाजाराच्या वाटेवरचा बहावा, रिक्षाचें छप्पर, लिंबांची पाटी, कडुलिंबाचें गळलेलें पान, हीं सगळीं एकाएकीं दिसूं लागतात. तीं कालहि तेथेंच होतीं.

हा प्रकार आजकालचा, असें मात्र कोणीं समजूं नये. लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धति १९ ऑगस्ट १८३९ रोजीं पॅरिस येथें जाहीर झाली. त्यानंतर सुमारें पंधरा वर्षांनीं, १८५४ सालीं, आपल्या मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या भारतीय सभासदांपैकीं होत. त्याच सुमारास, १८५५ सालीं, लंडनच्या कांहीं हौशी मंडळींनीं आपापल्या चित्रांच्या प्रती एकमेकांस देऊन संग्रह तयार केले. प्रत्येकानें आपलें चित्र द्यावयाचें आणि प्रत्येकाच्या हातीं सर्वांचीं चित्रें यावयाचीं, हें त्यामागचें सूत्र होतें. अमेरिकेंत १८६१ सालीं हौशी छायाचित्रकारांचें असेंच एक विनिमय-मंडळ निघालें. देशांत यादवी युद्ध पेटलेलें असतांहि हे लोक टपालानें एकमेकांना डोंगर, ओढे आणि बागा यांचीं चित्रें पाठवीत होते.

पुढें ब्रिटनमध्यें फिरत्या पेटीची पद्धति रूढ झाली, ती तर अगदीं आजच्या खेळासारखी आहे. दहा-पंधरा सभासदांची एक यादी असे. चित्रांची पेटी अथवा पाकीट पहिल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे टपालानें जाई. ज्याच्या घरीं ती येई, तो सर्वांचीं चित्रें पाही, प्रत्येकावर आपला अभिप्राय लिही, आपलें मागच्या फेरींतलें चित्र अभिप्रायांसह काढून घेई, नवें चित्र आंत ठेवी आणि पेटी पुढें धाडी. एक फेरी पुरी व्हावयास कित्येक आठवडे लागत. तेवढ्या अवधींत मनुष्य एकच चित्र मनांत घोळवीत राही.

साधनें मात्र झपाट्यानें पालटलीं. १८८८ सालीं शंभर चित्रांची फिल्म आधींच भरलेला कोडॅक कॅमेरा आला. शंभर चित्रें झालीं, कीं सबंध कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. १९०० सालीं ब्राउनी नांवाचा कॅमेरा एका डॉलरला मिळूं लागला आणि मुलांच्याहि हातीं गेला. १९७५ सालीं स्टीव्ह सॅसन या कोडॅकमधल्याच तरुण अभियंत्यानें फिल्मवांचून चित्र टिपणारा पहिला हातीं धरण्याजोगा कॅमेरा तयार केला. त्याचें वजन सुमारें साडेतीन किलो होतें, आणि एक चित्र कॅसेटवर नोंदविण्यास त्याला २३ सेकंद लागत. आज तेंच काम क्षणांत होतें, आणि नेमकें म्हणूनच आपल्याला थांबविणारें कांहीं उरलेलें नाहीं. पूर्वीं फिल्मची किंमत आणि टपालाचा वेळ मनुष्यास थांबवीत. आतां तें काम विषय आणि मुदत यांच्याकडून करून घ्यावें लागतें.

आतां हें घरगुती रीतीनें कसें चालवावें तें सांगतों. आमच्या ओळखींतल्या बारा घरांमध्यें असा एक परिपाठ चालूं आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस एका घरानें विषय सांगावयाचा, वीस तारखेपर्यंत प्रत्येकानें एकच चित्र पाठवावयाचें. एकच, ही अट फार महत्त्वाची आहे. दहा पाठविण्याची मुभा दिली तर निवडण्याचें काम आपण दुसऱ्यावर ढकलतों, आणि या खेळांत निवडणें हेंच निम्में शिक्षण आहे. चित्राबरोबर तीन गोष्टी लिहावयाच्या: दिनांक, ठिकाण, आणि आपल्याला त्यांत काय दिसलें याचें एक वाक्य.

विषय निवडण्यांतहि कौशल्य आहे. 'सौंदर्य' किंवा 'निसर्ग' हे विषय इतके विशाल आहेत कीं त्यांनीं डोळ्याला दिशा मिळत नाहीं. उलट 'कमळ' म्हटलें तर चाळींत किंवा चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यानें तें कोठून आणावें? घरांतल्या थकलेल्या माणसालाहि खिडकीजवळ बसून पुरा करतां येईल आणि प्रवासाला निघालेल्यालाहि अपुरा वाटणार नाहीं, तो विषय चांगला. 'वाट' या विषयावर कोणीं राजगडाची पाऊलवाट पाठविली, कोणीं आगगाडीचे रूळ. आमच्यांतल्या एक आजी जिना उतरूं शकत नाहींत. त्यांनीं खिडकीच्या चौकटीवरून साखरेच्या डब्याकडे निघालेली मुंग्यांची रांग पाठविली. त्या महिन्यांत सर्वांना स्मरणांत राहिली ती तीच वाट. परदेशीं गेलेल्या मुलींनाहि हा धागा धरवतो. 'पान' या विषयावर इकडून विड्याचें पान गेलें, आणि अमेरिकेहून शरद ऋतूंत तांबडें झालेलें मेपलचें पान आलें.

विषयाच्या निमित्तानें प्रकाशाचेंहि ज्ञान होतें. भर दुपारीं काढलेलें फुलांचें चित्र करपल्यासारखें कां दिसतें? सूर्य डोक्यावर असतांना उजेड व काळोख यांतलें अंतर फार वाढतें. आपला डोळा तें सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला तें तितकें साधत नाहीं. म्हणून पाकळ्या पांढऱ्याफटक होतात आणि पानें काळवंडतात. सकाळीं व संध्याकाळीं सूर्यकिरण हवेच्या अधिक लांब थरांतून येतात, त्यांतला निळा अंश वाटेंत विखुरला जातो, आणि उरलेला प्रकाश सोनेरी दिसतो. ढगाळ दिवस पुष्कळांना निरुपयोगी वाटतो, पण बागेसाठीं तो उत्तम असतो. सबंध आकाशाचा एक मोठा कंदील होऊन प्रकाश चोहोंकडून सारखा पडतो आणि तेरड्याचा खरा रंग चित्रांत उतरतो. 'सावली' हा विषय मे महिन्याच्या मध्यास किंवा जुलैच्या अखेरीस दिला, तर मुंबई-पुण्याकडच्या लोकांना आणखी एक नवल दिसेल. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें आपल्याकडे वर्षांतून दोनदां सूर्य मध्यान्हीं अगदीं माथ्यावर येतो, आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहींशी होते. जुलैंत ढगांनीं दया केली पाहिजे, इतकेंच.

चित्रें आल्यावर त्यांचें काय करावयाचें? येथें दोन मार्ग आहेत. मोठ्या सार्वजनिक स्पर्धांना परीक्षक आणि बक्षिसें लागतात, त्यावांचून हजारों चित्रांतून वाट काढतां येत नाहीं. घरगुती मंडळांत मात्र बक्षीस नसावें असें माझें मत आहे. पहिला क्रमांक आला कीं दुसऱ्या महिन्यापासून लोक विषय पाहण्याऐवजीं परीक्षकाची आवड पाहूं लागतात. नुसते अंगठे दाखवून मोकळें होणेंहि निरर्थक आहे. त्यापेक्षां प्रत्येकानें दुसऱ्या एका चित्राविषयीं एक खरें वाक्य लिहावें. 'छान' हें खरें वाक्य होत नाहीं. 'भिंतीवरची ओल पाहून मला आधीं नकाशाच वाटला' हें होतें. असें वाक्य लिहावयाचें तर चित्रापाशीं थोडा वेळ थांबावें लागतें, आणि ज्याच्या चित्रापाशीं कोणी थांबलें, त्याला आपण पाहिले गेलों याचें समाधान मिळतें. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना या समाधानाची किंमत किती असते, हें तरुणांनीं लक्षांत घ्यावें.

येथवर पाहण्याचा आनंद झाला. परंतु या साध्या चित्रांची खरी योग्यता काळ लोटल्यावर कळते. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतीं लोवेल येथील दफनभूमींत ३० मे १८६८ रोजीं एक छायाचित्र घेतलें गेलें. युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा तो दिवस होता. चित्र काढणाराच्या मनांत झाडांचा विचार असण्याचें कारण नव्हतें. परंतु मागें उभीं असलेलीं झाडें त्या चित्रांत निष्पर्ण आहेत. संशोधकांनीं २००५ सालीं त्याच दिवशीं, त्याच जागेचें दुसरें चित्र घेतलें, तर झाडें पानांनीं गच्च भरलेलीं. केवळ दोन चित्रांवरून सिद्धांत बांधावयाचा नसतो, कारण एखादें वर्ष थंडच असूं शकतें. म्हणून त्यांनीं बोस्टनचें वनस्पति-उद्यान व काँकॉर्ड गांव येथील फुलांचीं जुनीं दिनांकित चित्रें आणि वाळवून ठेवलेले नमुने तपासले. उष्ण वसंतांत फुलें लवकर येतात आणि वसंत ऋतु पूर्वींपेक्षां उष्ण होत चालला आहे, हें त्यांतून दिसून आलें. हें संशोधन २००६ सालीं प्रसिद्ध झालें. ज्यांनीं तीं चित्रें काढलीं होतीं, त्यांनीं फक्त फूल आवडलें म्हणून काढलीं होतीं. पण दिनांक आणि ठिकाण लिहून ठेवण्याची चांगली संवय त्यांना होती.

हाच विचार धरून आतां कांहीं मोठे उपक्रम चालतात. २०१६ सालीं लॉस एंजेलिस व सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांत तेथील निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयांनीं एक चुरस लावली: आपल्या शहरांतले रानटी जीव, मग तें गवत असो, किडा असो कीं पक्षी असो, कोण अधिक टिपतो? तिचें नांव 'सिटी नेचर चॅलेंज'. २०१८ पासून ती जगभर पसरली आणि भारतांतील शहरेंहि तींत भाग घेतात. चित्र काढणारास नांव ठाऊक नसलें तरी चालतें. चित्रासोबत स्थळ व वेळ असली, कीं जाणकार ओळख पटवितात. युक्रेनमध्यें २०१३ सालीं 'विकी लव्हज अर्थ' नांवाची स्पर्धा सुरू झाली. तिचा विषय संरक्षित निसर्गस्थळें हा आहे, आणि तींत आलेलीं चित्रें कोणासहि मोफत वापरतां येतात. विषय, मुदत, दिनांक, स्थळ: घरगुती खेळाचे जे नियम, तेच येथेंहि आहेत.

हें सगळें दूरचें वाटत असेल तर जवळचें सांगतों. आमच्या मंडळींत एकदां 'आपल्या रस्त्यावरचें जुनें झाड' हा विषय होता. बारापैकीं तिघांनीं एकाच पिंपळाचें चित्र पाठविलें, तिन्ही निरनिराळ्या बाजूंनीं. पुढच्या वर्षीं रस्ता रुंद झाला आणि तो पिंपळ गेला. आज तेथें नव्यानें राहावयास आलेल्या लोकांना, येथें झाड होतें, हें सांगूनहि खरें वाटत नाहीं. तीं तीन चित्रें दाखविलीं म्हणजे ते गप्प होतात. चित्रांनीं पिंपळ परत येत नाहीं, हें खरें. परंतु त्यानंतर आमच्या मंडळीनें त्या रस्त्यावरच्या उरलेल्या प्रत्येक झाडाचें चित्र काढलें, बुंध्याचा घेर मोजून त्याखालीं लिहिला, आणि दिनांक घातला. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यांत २०२१ सालीं जी सुधारणा झाली, तिनें पन्नास वर्षांवरील झाडांना 'वारसा वृक्ष' म्हणून वेगळें स्थान दिलें आहे. झाड जुनें आहे हें सांगावयाचें असेल, तर आपल्या लग्नाच्या किंवा मुंजीच्या आल्बमांत मागें उभें असलेलें तेंच झाड एक उपयोगी साक्षीदार होऊं शकतें. तेव्हां जुने आल्बम टाकून देण्यापूर्वीं माणसांच्या मागें काय आहे तें एकदां पाहावें.

कांहीं पथ्यें सांगितलीं पाहिजेत. पक्ष्याच्या घरट्याजवळ चित्रासाठीं जाऊं नये. आपण फांदी बाजूला करतों आणि कावळ्याला वाट दाखवितों. दुर्मिळ वनस्पति किंवा प्राणी आढळला, तर त्याचें नेमकें ठिकाण चारचौघांत जाहीर करूं नये. मोबाईल पुष्कळदां चित्रांतच स्थळाची नोंद करून ठेवतो, म्हणून अशा वेळीं ती सोय बंद करावी. २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलेल्या कासच्या पठारावर फुलें पायांखालींच असतात, त्यामुळें एका चित्रापायीं दहा रोपें तुडविलीं जाण्याचा संभव असतो. फूल तोडून, मांडून काढलेलें चित्र या खेळांत धरूं नये. अनोळखी माणसाचें चित्र त्याच्या संमतीवांचून पाठवूं नये. पावसाळ्यांत कड्याच्या टोंकाशीं किंवा धबधब्याच्या शेवाळलेल्या दगडावर उभें राहून मिळणारें चित्र कोणत्याहि विषयासाठीं आवश्यक नसतें. आणि दुसऱ्यानें काढलेलें चित्र आपलें म्हणून पाठविणें ही चोरी आहे, मग तें कितीहि सहज हातीं आलेलें असो.

श्रोतेहो, यासाठीं महागडा कॅमेरा नको, दूरचा प्रवास नको, कीं विशेष शिक्षण नको. चार घरें मिळालीं तरी आरंभ करतां येतो. एक वही करावी, अथवा मोबाईलमध्येंच एक वेगळा कप्पा करावा, आणि वर्षाच्या शेवटीं तीं बारा चित्रें कागदावर छापून घ्यावीं. कारण यंत्रें बदलतात आणि त्यांच्याबरोबर त्यांत साठविलेलेंहि हरवतें. चित्राच्या पाठीवर दिनांक, ठिकाण व काढणाराचें नांव पेन्सिलीनें लिहावें.

पहिला विषय कोणता घ्यावा असें कोणीं विचारलें तर माझी सूचना अशी: 'घरापासून शंभर पावलांच्या आंतलें सर्वांत जुनें झाड'. शोधतांना शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावें लागेल, कारण तें कोणतें हें त्यांनाच ठाऊक असतें. तें झाड आज उभें आहे. त्याचें चित्र काढण्यास आजचा दिवस चांगला आहे.